बारा ग्रॅम जादा

पहाटे ४.३०

कोताचं कुलूप एकट्याने उघडायचं नसतं. गार्ड कमांडर शेजारी उभा राहतो, सील बघतो, वहीत वेळ टाकतो, दोघांच्या सह्या होतात, मग किल्ली फिरते. कंपनीची हत्यारं ज्या खोलीत असतात ती कोत. पलटणीतली माझी शेवटची काही वर्षं कोत एनसीओ म्हणून गेली. हा दिवस २०२१च्या हिवाळ्यातला, उत्तरेतल्या एका छावणीतला. कंपनीची नव्या रायफलीवर फायरिंग होती.

आत डावीकडच्या रॅकवर इन्सास रायफली उभ्या होत्या, जमा होण्याच्या वाटेवर. उजवीकडे सिग ७१६. फेब्रुवारी २०१९मध्ये अशा ७२,४०० रायफलींचा करार झाला होता, त्यातल्या ६६,४०० लष्करासाठी. इन्सासचं काडतूस ५.५६ मिलिमीटरचं, सिगचं ७.६२ बाय ५१. बेळगावच्या सेंटरमध्ये मी रंगरूट होतो तेव्हा जुनी एसएलआर रायफल निघत होती आणि इन्सास येत होती. एसएलआरचं काडतूसही हेच, ७.६२ बाय ५१. उस्ताद सांगायचे, तुमचं नशीब चांगलं, राउंडाचं वजन अर्ध्यावर आलंय. तेच जड काडतूस माझ्या नोकरीच्या अखेरीला परत आलं, तेव्हा त्याचं स्वागत कसं करावं हे मला पटकन सुचलं नाही.

इन्सास आपल्या पुण्यातली, पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेत घडलेली. हलक्या काडतुसामागचा विचार सरळ होता: धक्का कमी, नेम लवकर बसतो, त्याच वजनात दुप्पट राउंड नेता येतात. अमेरिकेने व्हिएतनामच्या काळात तोच रस्ता धरला आणि मग बहुतेक जग त्यामागे गेलं. पण काश्मीरमध्ये, जिथे झाडीत किंवा घराच्या दारात अतिरेकी समोर येतो आणि गोळी लागूनही गोळीबार करत राहतो, तिथल्या जवानांना पहिल्याच गोळीत माणूस खाली पाडणारी रायफल हवी होती. नियंत्रण रेषेच्या कुंपणावर उभ्या असलेल्यांना पल्लाही जास्त हवा होता. ७.६२च्या परत येण्यामागे ही दोन कारणं आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

५.४५

रायफली वाटप. जवान खिडकीशी येतो, बट नंबर सांगतो, मी रायफल काढून देतो, तो "जाँच शस्त्र" करून चेंबर रिकामं असल्याचं दाखवतो, सही करतो. नावापेक्षा बट नंबर आधी आठवतो असे कित्येक जण पलटणीत असतात. शंभर जणांना पाऊण तास लागला.

६.३०

दारूगोळ्याचं गोदाम बराकींपासून लांब असतं. पेटी उघडण्याआधी तिच्यावरचं वाचायचं: कॅलिबर, लॉट नंबर, कारखाना, साल. या कामात मी कधीच घाई करू दिली नाही, आणि त्या काळात तर मुळीच नाही. कारण कंपनीत एकाच वेळी तीन तऱ्हेची काडतुसं आली होती. इन्सासचं ५.५६. सिगचं ७.६२. आणि एके-४७चं, तेही ७.६२च. पण एकेच्या काडतुसाची केस ३९ मिलिमीटर लांब, सिगच्या काडतुसाची ५१. एकाचं दुसऱ्याच्या चेंबरमध्ये चालत नाही. "७.६२ दे" एवढंच ऐकून रात्री कुणी पेटी उचलली आणि ती चुकीची निघाली, तर वर पोस्टवर त्या पेटीचा उपयोग शून्य. मी पेट्यांच्या थप्प्या वेगळ्या भिंतींना लावल्या होत्या आणि बोलतानासुद्धा "एक्कावन" आणि "एकोणचाळीस" असंच म्हणायची सवय पोरांना लावली होती.

रेशन स्टोअरमधला काटा मी आदल्या संध्याकाळीच मागून ठेवला होता. कंपनी कमांडर साहेबांना आकडे हवे होते, आणि पुस्तकातला आकडा सांगण्यापेक्षा पोरांच्या डोळ्यांदेखत तोललेला बरा असं मला वाटलं.

५.५६चे शंभर राउंड काट्यावर ठेवले: एक किलो दोनशेच्या आसपास. एकेचे शंभर: एक किलो सहाशेच्या थोडं वर. सिगचे शंभर: दोन किलो चारशेच्या आसपास. म्हणजे एका राउंडामागे, इन्सासच्या तुलनेत, बारा ग्रॅम जादा.

सांगलीचा एक लान्स नायक काट्याकडे बघत होता. म्हणाला, "उस्ताद, बारा ग्रॅमनं काय होतंय?"

मी त्याला एक राउंड हातात दिला. मग पाच भरलेली मॅगझिनं त्याच्या पाऊचमध्ये घातली, म्हणजे शंभर राउंड. तो काही बोलला नाही, पट्टा एक भोक आत ओढला. काडतुसाचं वजन असंच असतं. ते सुट्या राउंडात दिसत नाही, संख्येत दिसतं. आणि संख्या कमी करायला कुणीच तयार नसतं, कारण लढाईत राउंड संपल्यावर हलकं असण्याचा काही फायदा नाही.

७.३०

रेंज छावणीपासून सहा-सात किलोमीटर. साहेबांनी गाड्या नाकारल्या आणि पूर्ण बोज्यासह पायी जायचं ठरवलं. बरं केलं.

त्या दिवशी एका जवानाच्या अंगावर काय होतं ते सांगतो. बुलेटप्रूफ जॅकेट, दहा किलोच्या आसपास. हेल्मेट. रायफल, मॅगझिन लावून चार किलोच्या वर. पाऊचमध्ये बाकीची मॅगझिनं. ग्रेनेड. पाण्याची बाटली, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात कुणाला सूट नाही. फील्ड ड्रेसिंग. खोदायचं अवजार. पाठीवरच्या पिठ्ठूत ग्राउंडशीट, गरम कपडे, मोजे, कोरडं रेशन. रेडिओ ऑपरेटरला सेट आणि जादा बॅटऱ्या. एलएमजीवाल्याला त्याची लाइट मशीनगन आणि पट्टे, आणि त्याच्या पट्ट्यांतला काही भाग सेक्शनमधल्या बाकीच्यांच्या पिठ्ठूत. बेरीज केली की पंचवीस किलोच्या खाली कुणीच उतरत नाही आणि काही जण तिशी सहज ओलांडतात. पोरगं स्वतः साठ-पासष्ट किलोचं असतं.

सपाट रस्त्यावर दीड-दोन किलो वाढले तर खांदा कुरकुरतो, एवढंच. बारा हजार फुटांवर तसं नाही. तिथे श्वास मोजून चालावं लागतं, दर वीस पावलांना थांबावं लागतं, आणि उभ्या चढावर वजन पाठीपेक्षा आधी गुडघ्यात बोलतं. उतारावर तर त्याहून जास्त. पलटणीतून निवृत्त झालेल्या माझ्या बरोबरीच्या लोकांना आज भेटलात तर बघा, जिना उतरताना कठड्याला हात लावणारे किती आहेत. हे सगळं गोळीने झालेलं नाही.

रेंजवर पोचलो तेव्हा साहेबांनी लगेच फायर सुरू करू दिलं नाही. दहा मिनिटं श्वास घेऊ द्यायच्या आधीच विचारलं, "आत्ता, या क्षणी, शत्रू समोर आला असता तर?" कुणी उत्तर दिलं नाही. धापा टाकणारा माणूस उत्तम रायफलीनेही नीट नेम धरत नाही, हे प्रत्येकाच्या छातीलाच कळत होतं.

९.१५

पहिली डिटेल, म्हणजे फायर करणारी पहिली तुकडी, पडली. ग्रुपिंगसाठी पाच-पाच राउंड, निजून.

इन्सासवर वाढलेल्या पोरांची पहिली गोळी मला ऐकायची असते, आणि त्याहून जास्त बघायची असते. आवाज जाड. खांदा मागे जातो. दोन्ही काडतुसांच्या धक्क्यात दुपटीहून जास्त फरक आहे; ५.५६ची गोळी चार ग्रॅमची, ही साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, आणि नळीतून बाहेर पडतानाची ऊर्जा जवळपास दुप्पट. दुसऱ्या गोळीला काही जण धक्का येण्याआधीच खांदा आखडतात, डोळा मिटतो, ट्रिगर खेचला जातो. टार्गेटवर ते लगेच दिसतं: पहिलं भोक मध्ये, दुसरं खाली डावीकडे.

बीडचा एक पोरगा तसाच करत होता. मी त्याच्या शेजारी पालथा झालो. बट खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवायला लावला, कारण सैल धरलेली रायफल जास्त मारते. श्वास अर्धा सोडून थांबव, ट्रिगरवर दाब वाढवत ने, गोळी कधी सुटेल याचा विचार करू नकोस. चौथ्या-पाचव्या राउंडाला तो शांत झाला. पुढच्या पाचांत त्याची पाचही भोकं हाताच्या पंजाखाली झाकतील इतकी जवळ आली.

नंतर लांबची टार्गेटं. इथे या काडतुसाने आपलं म्हणणं पटवून दिलं. इन्सासची मारक कक्षा चारशे मीटरच्या आसपास धरतात, त्यापुढे हलक्या गोळीला वारा हलवतो. ही जड गोळी पाचशे मीटरवर तिचा रस्ता सोडत नव्हती. नियंत्रण रेषेवर एका धारेवरून समोरच्या धारेवर बघत ज्याने रात्री काढल्या आहेत, त्याला या शंभर-दीडशे मीटरची किंमत समजावून सांगावी लागत नाही. मलाही त्या दिवशी ती नव्याने पटली.

आणखी एक फायदा माझ्या कामाचा. मीडियम मशीनगन पूर्वीपासून ७.६२ बाय ५१चीच. नवी नेगेव एलएमजी पलटणींत यायला लागली होती, तीही याच काडतुसाची. रायफल, एलएमजी, एमएमजी, तिघांचा राउंड एक झाला, तर वेळप्रसंगी पट्ट्यातले राउंड काढून रायफलीच्या मॅगझिनमध्ये भरता येतात. पुरवठा बघणाऱ्या माणसाला याहून मोठी सोय नाही.

दुपारी १२.००

फायर संपलं, आता खोके, म्हणजे उडालेल्या राउंडांच्या रिकाम्या केस. फायरिंग कितीही चांगली होवो, रिकाम्या खोक्यांचा हिशेब जुळल्याशिवाय रेंज सुटत नाही. शंभर जणांचे प्रत्येकी वीस, दोन हजार. सगळे ओळीने गुडघ्यांवर बसून गवत विंचरतात. दहा-दहाचे ढीग, मग शंभराचे. त्या दिवशी एक कमी भरला. पुन्हा मोजलं, पुन्हा एक कमी. नवी रायफल खोका जास्त लांब आणि उजवीकडे पुढे फेकते, पोरं जुन्या अंतरावर शोधत होती. शेवटी तो एकाच्या गुंडाळलेल्या ग्राउंडशीटच्या घडीत सापडला.

या वेळात मी खोक्यांचे बूड वाचत बसतो. तिथे कारखान्याची अक्षरं ठोकलेली असतात. केएफ म्हणजे खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९पासूनचा. ओएफव्ही म्हणजे वरणगाव, आपल्या जळगाव जिल्ह्यातलं. भुसावळजवळच्या त्या कारखान्यात पितळेची छोटी वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात, मध्ये मध्ये तापवून मऊ करतात, तोंड आवळतात, टोपी बसवतात, दारू भरतात, गोळी बसवतात, आणि मग गेजवर घालून एकेक तपासतात. हजारो किलोमीटरवर, बर्फाच्या दिवसात, मराठी मुलखातून आलेलं ते पितळ तळहातावर धरलं की मला बरं वाटायचं. काम चोख आहे हे कडेवरून बोट फिरवलं तरी कळतं.

नंतर मी रिकामे खोके काट्यावर टाकले. गोळी गेली, दारू जळाली, तरी जवळपास निम्मं वजन काट्यावर तसंच होतं. पोरं चकित झाली. जवान पाठीवरून जे राउंड वाहतो त्यातलं जवळजवळ अर्धं वजन शत्रूकडे जातच नाही, ते पितळ आहे. मग पितळ का? कारण ते स्फोटाच्या क्षणी फुगून चेंबर बंद करतं, लगेच आकसून बाहेर येतं, येताना उष्णता घेऊन जातं, आणि राजस्थानच्या उन्हात किंवा सियाचीनच्या थंडीत वर्षानुवर्षं पेटीत राहूनही बिघडत नाही. प्लास्टिकच्या केसने वजन बरंच उतरतं. अमेरिकेत तशी काडतुसं मोठ्या स्पर्धेत उतरली होती, पण २०२२मध्ये तिथल्या लष्कराने निवड केली ती पितळ आणि पोलाद जोडून केलेल्या केसची. पितळाच्या जागी भरवशाचं दुसरं काही ज्या दिवशी सापडेल, त्या दिवशी पायदळाच्या माणसाचं खरं ओझं उतरेल असं मला वाटतं. माझं लक्ष रायफलींच्या नव्या नावांपेक्षा तिकडे असतं.

१.४५

लंगर. डाळ, भात, रोटी, कोबी. खांदे चोळत सगळे जेवले.

३.००

क्लास. माझ्या दृष्टीने दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा तास हाच होता.

साहेबांनी फळ्यावर सकाळचे आकडे मांडले. दर जवानाला शंभर राउंड धरले तर वाढ एक किलो दोनशे, मॅगझिनांचं जादा वजन वेगळं. शंभर जणांच्या कंपनीला एकशे वीस किलो. डोंगरात खेचराच्या पाठीवर साधारण सत्तर किलो घालतात. म्हणजे फक्त पाऊचमधल्या राउंडांसाठी पावणेदोन खेचरं जादा. मागच्या राखीव साठ्याचा हिशेब अजून केलेलाच नाही. तेवढी खेचरं, त्यांचा चारा, त्यांचे ड्रायव्हर, हे सगळं त्या बारा ग्रॅममधून निघतं.

मग त्यांनी मार्शल यांचं सांगितलं. एस. एल. ए. मार्शल या अमेरिकी लेखकाने १९५०मध्ये सैनिकाच्या ओझ्यावरच पुस्तक लिहिलं. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेले सैनिक ओझ्याने कसे खचले हे त्याने मांडलं आणि भीती व थकवा शरीरावर सारखाच परिणाम करतात असं म्हटलं. घाबरलेल्या माणसाला तेच वजन जास्त जड होतं. हे ऐकताना आमच्या सुभेदार साहेबांनी मान हलवली. कारगिलमध्ये ते तरुण शिपाई होते.

यानंतर साहेबांनी फळ्यावर एक उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं, "काय चढलं". उजवीकडे, "काय उतरलं". डावा रकाना भरलेला होता, उजवा कोरा. म्हणाले, "हा रकाना भरल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

माझ्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न मी पहिल्यांदाच एवढा उघडपणे विचारलेला ऐकला. नवीन वस्तू येते, तिचं प्रशिक्षण होतं, तिचं रजिस्टर उघडतं. चांगलं जॅकेट आलं, चढलं. रात्री बघायचं उपकरण आलं, चढलं. त्याच्या बॅटऱ्या चढल्या. प्रत्येक वस्तूमागे कुणाचा तरी जीव वाचवायचा हेतू आहे, म्हणून एकाही वस्तूला नाही म्हणता येत नाही. पण हे सगळं ज्या एका पाठीवर येतं, तिचा हिशेब कुठल्याच रजिस्टरला नसतो. इन्सास आली तेव्हा राउंडांत वाचलेलं वजन गुडघ्यांना मिळालं नाही. त्या जागी दुसरं काहीतरी भरलं गेलं. आता राउंड जड झाला, तर ते दुसरं काहीतरी परत खाली उतरवलं पाहिजे, आणि ते कोणतं हे लेखी ठरलं पाहिजे. नाहीतर जवान ते स्वतः ठरवतो. तो अंधारात, चढावर, कुणाला न सांगता पाणी कमी भरतो किंवा मोजे मागे ठेवतो, आणि तिसऱ्या दिवशी पायाला हिमदंश होतो.

सुभेदार साहेबांचं मत पडलं की राउंड कमी द्यावेत. गोळी जोरकस आहे, नेम धरून मारली तर साठ पुरतील. मला ते पटलं नाही आणि मी तसं म्हणालो. चकमकीत निम्म्याहून जास्त राउंड माणसाला लागण्यासाठी नसतातच, समोरच्याचं डोकं खाली ठेवण्यासाठी असतात, म्हणजे आपला बाजूचा सेक्शन पुढे सरकू शकेल. तिथे जड राउंड हलक्या राउंडापेक्षा जास्त काम करत नाही. तिथे संख्याच लागते. साहेबांनी दोघांचं ऐकलं आणि शंभर कायम ठेवले.

मग पोरांनी रकाना भरला. दोन बडींमध्ये खोदायचं एकच अवजार. कोरड्या रेशनची बाहेरची वेष्टणं छावणीतच काढून टाकायची. कपड्यांचा दुसरा जोड खेचरावर. एलएमजीचे पट्टे नेहमीच्या तगड्या दोघांवर न घालता सेक्शनभर सारखे वाटायचे. जॅकेटला हात लावायचा नाही, पाण्याला नाही, मोज्यांना नाही. सांगलीच्या लान्स नायकाने सुचवलं की शेवटचं वजन काट्यावरच घ्यावं, अंदाजाने नको. उजव्या रकान्याची बेरीज दोन किलोच्या जवळ गेली. फळ्यावर पहिल्यांदाच दोन्ही बाजू एकमेकींजवळ आल्या.

५.१५

सफाई. पुलथ्रू, चिंदी, तेल. बोल्टवरची काजळी खरवडून काढावी लागते.

या वेळी हात चालू असतात आणि मन मोकळं. नंतरच्या काही गोष्टी इथेच सांगतो. अमेरिकी लष्कराने २०२२मध्ये आघाडीच्या पायदळासाठी ५.५६च्या जागी ६.८ मिलिमीटरचं नवं काडतूस आणि त्याची रायफल निवडली, आधुनिक चिलखत लांबून भेदता यावं म्हणून. तिथे आधी जवान सात मॅगझिनांत २१० राउंड नेत असे, वजन ३.४ किलोच्या आसपास. नव्या रायफलीची सात मॅगझिनं नेली तर राउंड भरतात १४०, आणि वजन साडेचार किलोच्या जवळ. सत्तर राउंड कमी, वर एक किलो जादा. तिथेही त्यावर भांडणं झाली, आणि ती व्हायलाच हवीत. इकडे आपल्याकडे डिसेंबर २०२१मध्ये सहा लाखांहून जास्त एके-२०३चा करार झाला. तिचं काडतूस ७.६२ बाय ३९, काट्यावर मधलं. ऑगस्ट २०२४मध्ये आणखी ७३,००० सिग मागवल्या गेल्या. आणि पुण्याच्या एआरडीईने भारत फोर्जबरोबर तयार केलेली नवी कार्बाइन पुन्हा ५.५६चीच आहे. म्हणजे पेट्यांच्या थप्प्या वेगळ्या ठेवण्याचं काम माझ्यामागून आलेल्या कोत एनसीओलाही सुटलेलं नाही.

रात्री ८.१५

गणती झाली. रायफली बट नंबरप्रमाणे आत, कोताला सील, गार्ड कमांडरची सही.

मग दिव्याखाली हिशेब. मिळालेले राउंड, झालेलं फायर, परत आलेले खोके, शिल्लक शून्य. खोक्यांच्या पोत्यांना चिठ्ठ्या. त्यानंतर साहेबांच्या फळ्यावरचा तक्ता मी स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवला, दोन्ही रकान्यांसकट, आणि क्वार्टरमास्टर साहेबांकडे जाणाऱ्या डाकेत घातला. सोबत एक मागणी जोडली: कंपनीसाठी स्वतंत्र काटा, पन्नास किलोपर्यंतचा. रेशन स्टोअरचा परत करायचा होता.

काटा आला. पुढच्या चढाईआधी प्रत्येक सेक्शनला पिठ्ठूसह त्याच्यावरून जावं लागलं, आणि मी नवं रजिस्टर उघडलं. जवानाचं नाव, त्यापुढे त्याचं स्वतःचं वजन, त्यापुढे अंगावरचं वजन, आणि शेवटच्या रकान्यात जे उतरवलं त्याची नोंद.